दोन नावांच्या मधली खिडकी

काका त्या दिवशी सकाळपासून इतकं बोलत होते, की दुपार व्हायच्या आत त्यांच्या घशाला कोरड पडली आणि ऐकणाऱ्यांचे कान किटले. लेक येणार होती, संध्याकाळच्या गाडीने. ही बातमी त्यांनी आधी दूधवाल्याला सांगितली, मग पेपर टाकणाऱ्याला, मग जिन्यात जो भेटेल त्याला, आणि शेवटी खालच्या इस्त्रीवाल्याला. इस्त्रीवाल्याला ती काकूंनी आदल्या दिवशीच सांगितली होती, पण काकांना मधेच थांबवणं म्हणजे उतारावरच्या हातगाडीला आडवं जाणं. तो बिचारा इस्त्री हातात धरून सगळं पहिल्यापासून ऐकत राहिला, आणि कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर तपकिरी डाग उमटला.

"काका," तो म्हणाला, "गाडी यायला अजून वेळ आहे. शर्ट मात्र आत्ताच गेला."

"जाऊ दे रे. तुला सांगतो, स्टेशनवर मी जाणार नाही, तिला घरीच येऊ दे असं ही म्हणते. पण दार कुणी उघडायचं? मी उघडलं तर काय म्हणायचं? मी ठरवलंय. ऐक."

आणि इस्त्रीवाल्याने ऐकलं. न ऐकून जातो कुठे.

गल्लीत काकांना तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे भोंगा. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. दातांच्या डॉक्टरकडे आ वासून बसले असतानाही ते एकदा पूर्ण वेळ बोलत होते, आणि कहर म्हणजे डॉक्टर मधून मधून हुंकार देत होता. चपलेचा अंगठा तुटला तरी काकांकडे त्याची गोष्ट तयार असायची, तीही पूर्वपीठिकेसकट. आणि असा हा माणूस पोट कशावर भरत होता, तर गप्प बसण्यावर.

काका धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या लिहायचे. यहुदी प्रार्थनाघरात ज्या वाचतात त्या. कातड्याच्या पानांवर पिसाच्या टाकाने एकेक हिब्रू अक्षर काढायचं, मग पानाला पान शिवायचं, की लांबच लांब गुंडाळी तयार होते. एक गुंडाळी पुरी व्हायला वर्ष सहज उलटतं. समोर छापील प्रत ठेवायची, शब्द आधी तोंडाने म्हणायचा, मगच लिहायचा. पाठ आहे म्हणून मनाने लिहिलेलं चालत नाही. अक्षराला अक्षर चिकटलेलं चालत नाही. साधा शब्द चुकला, तर शाई वाळू द्यायची आणि पात्याने हलकेच खरवडून पुन्हा लिहायचं. हे सगळं करताना काका गुणगुणायचे, शाईला नावं ठेवायचे, खिडकीतून खालच्या माणसांशी गप्पा मारायचे.

पण त्या मजकुरात जागोजागी देवाचं नाव येतं. चार अक्षरांचं. ते लिहितात, पण उच्चारत नाहीत. वाचताना तिथे आलं की 'प्रभू' म्हणायचं, घरात बोलताना नुसतं 'नाव' म्हणायचं, आणि पुढे जायचं. ते एकदा कातड्यावर उतरलं की पुसायचं नाही, खरवडायचं नाही. त्यात डाग पडला तर अख्खं पान बाजूला काढून एक दिवस मातीत पुरायचं, माणसाला पुरतात तसं मानाने. म्हणून नाव लिहिण्याआधी हात थांबवून मोठ्याने म्हणायचं, "पवित्र नावासाठी लिहितो आहे," आणि मग पहिल्या अक्षरापासून चौथ्यापर्यंत मधे काही म्हणजे काही नाही. प्रत्यक्ष राजा दारात येऊन विचारपूस करू लागला, तरी उत्तर द्यायचं नाही. असा नियमच आहे.

लग्न झाल्यावर काकांनी हा नियम काकूंना मोठ्या तोऱ्यात सांगितला. काकू म्हणाल्या, "राजा कशाला येतोय, तीन मजले चढून धाप लागेल त्याला. पण गॅसवाला येतो, त्याचं काय?"

म्हणून खूण ठरली. नाव सुरू झालं की काकांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट वर. उजवा हात लिहितोय, डावं बोट छताकडे. बोट वर असेपर्यंत घरात कुणी हाक मारायची नाही, भांडं आपटायचं नाही, दार लोटायचं नाही. नाव पुरं झालं की बोट खाली, आणि मग मोकळीक. एकापाठोपाठ दोन नावं लिहायची असली, तरी दोहोंच्या मधे थांबून उत्तर देता येतं. नियमातच तशी सोय आहे. देवाला माणसांची घरं ठाऊक असावीत.

लेक त्या मेजाखाली लहानाची मोठी झाली. कातड्याच्या कापून पडलेल्या कडांशी खेळत बसायची आणि वर बघत राहायची. बापाचं बोट वर गेलं, की हीसुद्धा श्वास रोखून धरायची. गाल फुगायचे, चेहरा टोमॅटो व्हायचा, आणि बोट खाली आलं की सगळं एका दमात बाहेर पडायचं. "बाबा भूक लागली, बाबा मुंगी चावली, बाबा मांजराला दात किती असतात." त्या मोकळ्या वेळेला तिने नाव ठेवलं होतं खिडकी. "आई, बाबांची खिडकी उघडली," ती स्वयंपाकघराकडे ओरडायची, आणि काकूही हातातलं काम टाकून आपलं एखादं गाऱ्हाणं त्या खिडकीतून आत सारायच्या. काका दोघींनाही उत्तरं द्यायचे, भरभरून, आणि मग पुन्हा बोट वर. राजाला जे मिळालं नसतं ते पोरीला रोज मिळायचं, याची काकांना मोठी मौज वाटे.

पोर मोठी झाली. आवाज बापाचा घेतला होता आणि तो वापरायची अक्कल आईची. एका दूरच्या शहरातल्या रेडिओने तिला हवामान सांगायला बोलावलं. तिला आभाळ ठेंगणं झालं. काकांचं मात्र डोकं फिरलं.

"आपल्या घरात शब्द जपून वापरतात," ते म्हणाले. "हवेत उधळत नाहीत."

हे भोंग्याच्या तोंडून ऐकून काकूंना खोकल्याची उबळ आली. पण लेक हसली नाही. खरी गोष्ट अशी की काकांना रेडिओचं काही वावडं नव्हतं. घरातला एक आवाज जाणार, हे त्यांना सोसवत नव्हतं. तेवढं एक वाक्य बोलले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. पण दिवसभर बोलणाऱ्या माणसांची हीच गंमत असते, नेमकं ते वाक्य त्यांना येत नाही. काकांनी अबोला धरला. जन्मात पहिल्यांदा.

जायच्या सकाळी लेक बॅग घेऊन कामाच्या खोलीच्या दारात आली. काका पाठमोरे बसले होते. समोरच्या पानावर ती जागा आली होती, जिथे नाव लागोपाठ दोनदा येतं, मधे एकही शब्द नाही, आणि मग देव किती दयाळू आहे ते सांगितलेलं आहे. पहिलं नाव चाललं होतं. बोट वर होतं.

"बाबा, निघते," ती म्हणाली. "जाऊ ना?"

एरवी तिने असं मधेच बोलणं शक्य नव्हतं. पण गाडीची वेळ झाली होती. बोलून ती गप्प उभी राहिली, श्वास रोखून, लहानपणी राहायची तशी.

बोट खाली आलं. खिडकी उघडली.

काकांनी सगळं ऐकलं होतं. 'जा, पोचलीस की कळव' एवढं त्यांच्या जिभेवरही आलं होतं. त्यांनी टाक शाईत बुडवला, नियमाप्रमाणे जादा शाई निथळू दिली, आणि बोट परत वर केलं.

लेकीने ते बघितलं. मग जिन्यावरून पावलं उतरत गेलेली ऐकू आली. कुणी ओरडलं नाही, कुणी दार आपटलं नाही. दुसरं नाव फार सुबक आलं होतं, आणि काकांना त्या सुबकपणाची आयुष्यभर शरम वाटली.

त्यानंतर काकांनी लेकीचं नाव घेतलं नाही. 'ती' म्हणायचे, 'तिकडची' म्हणायचे, फारच झालं तर 'तुझी लेक'. गल्लीला वाटलं, काय हा राग. काकूंना मात्र काही वेगळंच दिसत होतं. राग आलेला माणूस रेडिओ लावत नाही.

रोज सकाळी ठरल्या वेळी स्वयंपाकघरातला रेडिओ लागायचा, आणि खरखरीतून लेक त्या दूरच्या शहराचं हवामान सांगायची. काका नेमके त्याच वेळी पाणी प्यायला आत यायचे आणि एक पेला पाणी हवामान संपेपर्यंत पुरवायचे. "तुम्हाला हवामान सांगत होती," असं म्हणून ती स्वतःचं नाव सांगणार, तेवढ्यात काका बटण फिरवायचे. त्यापायी काकूंना कित्येक वर्षं पुढच्या बातम्या ऐकायला मिळाल्या नाहीत.

आणि मग ती छत्री. लेकीच्या शहरात पाऊस म्हटला, की काका इथे रणरणत्या उन्हात छत्री घेऊन बाहेर पडायचे. तिकडे थंडी म्हटली की इकडे गळ्याला मफलर, आणि मफलरखाली घामाच्या धारा. पहिल्यांदा लोक हसले. मग सवय झाली. इस्त्रीवाला तर काकांकडे बघून गिऱ्हाइकांना सांगायचा, "तिकडे पाऊस लागलाय बरं का, जोरात."

काकू रविवारी लेकीशी फोनवर बोलत, काका फिरायला गेले की. लेक बापाबद्दल विचारत नसे, त्या सांगत नसत. पण माणसाच्या पोटात किती दिवस राहणार? एका रविवारी त्यांनी छत्रीचं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पेला घेऊन रेडिओशी उभे होते. लेकीने वारा सांगितला, आर्द्रता सांगितली, आणि मग जरा थांबून म्हणाली, "दिवसभर ऊन राहील. छत्री घरी ठेवली तरी चालेल."

पेला काकांच्या हातून मोरीत पडला. हवामानखात्याच्या निवेदनात छत्रीचं कधी येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ते काकूंकडे बघायला लागले, आणि काकू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. त्या गडबडीत बटण फिरवायचं राहून गेलं, आणि लेकीचं नाव घरभर ऐकू आलं, तिच्याच तोंडून.

काका तिथेच स्टुलावर बसले.

"मी त्या दिवशी नावाच्या आड लपलो," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलताना काकूंनी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "लोकांना वाटतं, नाव शिवीत घेतलं, खोट्या शपथेत घेतलं, तर तो गैरवापर. मी तर चांगल्या अक्षरात लिहीत होतो. पण ते मला लिहायचं नव्हतंच. तिला उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून लिहिलं. याहून वाईट वापर काय असतो? आणि एका नावाचं असं केल्यावर दुसरं, तिचं नाव कुठल्या तोंडाने घ्यायचं?"

काकूंनी पदराने मोरीतला पेला पुसला. "हे तिला सांगा," त्या म्हणाल्या. "मला सांगून काय उपयोग?"

पुढच्याच रविवारी लेक फोनवर म्हणाली, येते. आणि असंही म्हणाली, "एकदाच येईन, आई. दारात उभी राहून बघेन. या खेपेलाही बोलले नाहीत, तर मग मला बोलवू नकोस." काकूंनी हे जसंच्या तसं काकांना सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. काकांनी त्याच दिवसापासून भाषण तयार करायला घेतलं.

तर असं ते सगळं प्रकरण होतं, आणि त्या दिवशी लेक येणार होती. काका भाषणाची उजळणी जिन्यात करत होते, न्हाणीघरात करत होते, खुर्चीवर चढून पंखा पुसताना करत होते. दर खेपेला ते लांबत होतं. आता त्यात त्यांचे आजोबा आले होते, शाईचा भाव आला होता, आणि चपलेचा तो तुटलेला अंगठाही आला होता. काकूंनी चादरी बदलल्या, काकांनी त्या उलट्या घातल्यात असं सांगितलं, काकूंनी त्या सरळच आहेत असं सांगितलं. काकांनी मिठाची बरणी साखरेच्या जागी ठेवली. फुलदाणीत पाणी घालताना फुलं काढून ठेवली आणि मग फुलं कुठे ठेवली ते आठवेना.

"बाहेर व्हा आधी," शेवटी काकू म्हणाल्या. "जा, कामाच्या खोलीत जाऊन बसा. तिथे तरी तोंड बंद राहील तुमचं. गाडी संध्याकाळची आहे."

काका गेले. हात स्वच्छ धुतले, मेजापाशी बसले. काल जिथे थांबले होते तिथून पुढचा शब्द म्हटला, लिहिला. हाताला काम ठाऊक होतं. आणखी एक शब्द. मग त्यांनी छापील प्रतीवर नजर टाकली. तीच जागा. नाव लागोपाठ दोनदा.

त्या दिवसानंतर ही जागा दर गुंडाळीत आली होती. दर वेळी काका पहिलं नाव लिहायचे, बोट खाली घ्यायचे, आणि मान वळवून दाराकडे बघायचे. दारात कुणी नसायचं. मग दुसरं. आजही तेच करावं, ती यायच्या आत ही जागा हातावेगळी करावी, असं त्यांनी ठरवलं. अजून दुपार पुरती कललीही नव्हती.

"पवित्र नावासाठी लिहितो आहे," ते मोठ्याने म्हणाले. डावं बोट वर गेलं. टाक टेकला.

लेक आधीच्या गाडीने आली होती. संध्याकाळपर्यंत तिलाही धीर धरवला नव्हता, कितीही झालं तरी बापाचीच पोर. गल्लीच्या तोंडाशी ती रिक्षातून उतरली, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात ओली छत्री. इस्त्रीवाल्याने आधी छत्री ओळखली. म्हणजे या कोरड्या गल्लीत ओली छत्री घेऊन येणारं माणूस दुसरं कोण असणार, असा त्याने हिशेब केला, आणि इस्त्री उभी ठेवून तो धावला. बॅग त्याने तिच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली.

"काका," तो जिन्याखालून ओरडला, "आली हो. तुमची लेक आली."

हाक तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचली नाही, पण खाली मग काय विचारता. पहिल्या मजल्यावरचे बाहेर आले, दुसऱ्या मजल्यावरचे बाहेर आले, दुपारची झोप मोडली म्हणून कुणी तक्रार केली नाही. सगळी वरात लेकीच्या मागे जिना चढू लागली. ती पुढे होती, दोन-दोन पायऱ्या घेत होती. तिसऱ्या मजल्याचं दार सताड उघडं होतं, आतून बापाचा आवाज आला. चारच शब्द, लहानपणापासून ऐकलेले. तिचे पाय आपोआप हलके पडायला लागले.

कामाच्या खोलीच्या उंबऱ्याशी ती थांबली. पाठमोरे काका. पांढरे झालेले केस. वर गेलेलं बोट.

"बाबा," ती म्हणाली. "आले."

रेडिओवरचाच आवाज, फक्त खरखर नव्हती.

पहिलं अक्षर झालं होतं, दुसरं अर्ध्यावर होतं. इथे टाक उचलला तर नाव मोडलं, पान गेलं. पान गेलं तर गेलं, काकांनी ते दिलं असतं, पानं हजार लिहिता येतात. पण नाव मोडायचं नाही. नियमापेक्षाही, आज ते मोडून वळले असते, तर त्या दिवशी त्यांना नियमानेच अडवलं होतं असं झालं असतं, आणि ते खोटं होतं; त्या दिवशी खिडकी उघडी होती. त्यांना खिडकीतूनच बोलायचं होतं. पण तेवढा वेळ ती थांबेल का? तिला पुन्हा तीच पाठ दिसत होती, तेच बोट. हाक मारता येत नव्हती. थांब, एवढंही म्हणता येत नव्हतं. दुसरं अक्षर पुरं झालं. कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला, आणि तो पानावर पडू नये म्हणून काकांनी मान मागे घेतली.

तेवढ्यात बॅग घेऊन इस्त्रीवाला पोचला, धापा टाकत. "अहो काका, काय हे. इतक्या वर्षांनी लेक दारात उभी, आणि तुम्ही पाठ करून..."

"शू."

इस्त्रीवाला गप्प झाला. लेकीने वळून बघितलं होतं. तिचं डावं बोट वर होतं.

"नाव चाललंय," ती हळूच म्हणाली.

जिन्यावर जो जिथे होता तो तिथेच थांबला. कुणाचा तरी पाय हवेत राहिला. काकू स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी आल्या, लेकीला बघून त्यांचं तोंड उघडलं आणि आवाज न करता पुन्हा मिटलं. लेकीने श्वास रोखला होता. गाल थोडे फुगले होते. चाळिशीला आलेली बाई.

काकांनी ते 'शू' ऐकलं. तिसरं अक्षर त्यांनी काढलं, आणि मग चौथं, घाई न करता, जसं काढायला हवं तसं.

बोट खाली आलं.

कुणी हललं नाही. लेकीचं बोलून झालं होतं, त्या दिवशीही झालं होतं. काकांचा उजवा हात टाकासकट शाईच्या दौतीकडे गेला, आणि काकूंनी डोळे घट्ट मिटले. त्या दिवशीही तो तिकडेच गेला होता.

काकांनी दौतीला बूच लावलं. टाक पुसून आडवा ठेवला. मग दोन्ही हात मेजावर टेकून ते उठले आणि वळले.

भाषणातलं एक अक्षर आठवत नव्हतं. आजोबा गेले, शाईचा भाव गेला, चपलेचा अंगठाही गेला. काकांनी लेकीचं नाव घेतलं. आवाज फाटला, म्हणून पुन्हा घेतलं. लागोपाठ दोनदा, मधे एकही शब्द नाही. ते नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांनी ते इतकी वर्षं सांभाळलं त्यांचं ते आहे.

लेकीने श्वास सोडला.

"मी विचारलं होतं, जाऊ ना," ती म्हणाली.

"हो. ऐकलं होतं मी. खिडकीही उघडी होती." काका म्हणाले. "मी नावाच्या आड लपलो. रागाने. नाव लपायला नसतं, पोरी. हाक मारायला असतं."

जिन्यावर कुणीतरी नाक ओढलं. तो इस्त्रीवाला होता, पण त्याने तोंड दुसरीकडे केलं.

लेक अजून उंबऱ्याच्या बाहेरच होती. तिने बापाच्या खांद्यावरून मेजाकडे बघितलं. त्या खोलीत वाढलेली पोर, एका नजरेत तिला ओळ वाचता आली. एक नाव ओलं चकाकत होतं, आणि त्याच्या शेजारी दुसऱ्यासाठी जागा कोरी होती.

"बाबा, दुसरं राहिलंय."

"राहू दे."

"मधे एवढा वेळ थांबलेलं चालतं?"

"आज लिहीत नाही, उद्या लिहीन. तो थांबेल," काका म्हणाले. "पुढच्याच ओळीत आहे, वाच. त्याला राग यायला फार वेळ लागतो."

"बरंय त्याचं," लेक म्हणाली. "आपल्या घरात कुणाला लागत नाही."

आणि ती उंबरा ओलांडून आत आली. दाराच्या खुंटीवर बापाची कोरडी छत्री होती, तिच्या शेजारी तिने आपली ओली छत्री अडकवली. काका त्या थेंबांकडे बघत राहिले, आणि मग विचारू लागले, किती वाजता सुरू झाला पाऊस, गाडीत जागा मिळाली का, मांजराला दात किती असतात ते तिला पुढे कळलं का, आणि हे सगळं एका दमात.